पादुका बसने गेल्या, बिघडलं काय?

संकट आलं की उत्सव-कार्यक्रमांवरून दोन सूर हमखास चढतात. एक म्हणतो, ‘एवढ्या वर्षांची परंपरा, खंड पडता कामा नये.’ दुसरा म्हणतो, ‘माणसं मरतायत आणि तुम्हाला उत्सव सुचतोय? रद्द करा.’ भांडण कडाक्याचं, पण समजूत दोघांची एकच. कार्यक्रम व्हायचा तर जसाच्या तसा, नाहीतर नाहीच.

पहिल्यांनी वारी आठवावी. कोरोनाच्या साथीत, 30 जून 2020 ला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षी मानाच्या 10 पालख्यांसाठी 20 बस होत्या. जिचं नावच पायी वारी, तिच्यातलं जवळजवळ सगळं चालणंच गेलं! रिंगणं गेली, वाटेवरचे मुक्काम गेले. उरल्या पादुका आणि आषाढी एकादशी. तेवढं धरून ठेवलं आणि 2022 मध्ये वाट पुन्हा पावलांनी भरली. हट्टाने चालत जाऊन गावोगावी रोग वाटला असता, तर ते कुठल्या अभंगात बसलं असतं?

दुसऱ्यांसाठी लालबाग. 2020 मध्ये तिथल्या राजाची मूर्ती बसली नाही, पण मंडळ घरी बसलं नाही. गणेशोत्सवाच्या दिवसांत त्यांनी रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरं घेतली. कार्यकर्ते तेच, धावपळ तीच. याला ‘रद्द’ म्हणणाऱ्याने मंडळ म्हणजे फक्त मूर्ती आणि रोषणाई असं धरलेलं असतं.

मात्र वारीचा, तिथी धरून ठेवायचा नियम सगळीकडे लावू नये. साहित्य संमेलनाला कुठली आलीय तिथी? त्याला वाचक लागतो, पुस्तकांपुढची गर्दी लागते. नाशिकचं 94 वं संमेलन मार्च 2021 मधून डिसेंबरवर गेलं, जागा बदलून आडगावला गेली, प्रकृतीमुळे अध्यक्ष जयंत नारळीकर येऊ शकले नाहीत. तरी संमेलन झालं. मार्चमध्येच पडद्यावर उरकून 94 चा आकडा टिकवला असता, तर ती नुसती नोंद झाली असती.

‘ऑनलाइन करा’ हा तिसरा सूर त्याच काळातला. व्याख्यानाला तो चालतो. नाटकाला नाही, विनोदावर हशा आला नाही तर नट पुढचं वाक्य कशावर टाकणार?

आता एक आक्षेप खरा आहे, आणि लवचीकतेचे गोडवे गाणारे आम्ही तो टाळतो. तारीख पुढे गेली की आयोजक सुटतो. मांडववाल्याचे बांबू मात्र गोदामात पडून राहतात, आणि बॅकस्टेजचा कामगार तर नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशांवर जगतो. प्रयोग नाही तर नाइट नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पण निम्म्या प्रेक्षकांसाठी पडदा काही निम्म्या हातांनी ओढता येत नाही. म्हणून वाकायचं किती, याबरोबरच त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा, हेही आधीच ठरलं पाहिजे. कार्यक्रम पुढे ढकलायचा निर्णय किती दिवस आधी कळवायचा, तेव्हा दिलेल्या इसारातलं किती मांडववाल्याकडे राहील, ठरलेल्या नाइटपैकी किती पैसे तरीही मिळतील, हे कागदावर यावं. दोन-चार ओळींचं काम आहे. त्यासाठी महामारीची वाट बघायची गरज नाही, फक्त पत्रिकेवर कुणाचं नाव वर हा विषय बैठकीत लवकर संपायला हवा.