जाड पत्रा आणि मागचा पट्टा

लग्नसराईत अर्धापूरच्या एखाद्या मंगल कार्यालयासमोर कधीतरी जुनी प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. शेजारी लाखो रुपयांची मर्सिडीज असली, तरी लोक जमतात ते पद्मिनीभोवती. कुणीतरी बोनेटवर थाप मारतो, ‘‘पत्रा बघा कसला जाड! आताच्या गाड्या म्हणजे नुसते डबडे, जरा लागलं की चेपतात.’’

कौतुक रास्त आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. अपघातात गाडी किती शाबूत राहिली याला महत्त्व नसते, आतला माणूस किती शाबूत राहिला याला असते. नव्या सेदानचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा बनवलेला असतो. तो चेपताना धडकेची ऊर्जा शोषतो आणि माणसाला थांबायला थोडे जास्त अंतर मिळते. अंतर दुप्पट झाले की शरीरावरचा सरासरी जोर निम्मा होतो. पद्मिनीचा पत्रा वाकत नाही, तेव्हा तो धक्का बरगड्या, यकृत आणि मेंदू सोसतात.

मग नवी गाडी घेतली की निर्धास्त? तसेही नाही. पद्मिनी ऐंशीला थरथरायची. ती थरथरच चालकाला सावध करी. नागपूर-तुळजापूर महामार्गावर आलिशान सेदानमध्ये शंभरचा वेग जाणवतही नाही. पण वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ५० किलोमीटरची धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणे. १०० ची म्हणजे तेराव्या.

खरी गफलत मागच्या आसनावर होते. जुन्या पद्मिनीत मागे पट्टाच नव्हता. आता तो आहे, पण सीटच्या फटीत दडपलेला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री मर्सिडीजमध्येच गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघेही दगावले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गोपीनाथ मुंडेही ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटारीच्या मागच्या आसनावरच होते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

सर्वांत काळजी वाटते ती मांडीवरच्या लेकराची. ताशी ५० च्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे दोनशे किलोचा जोर लागतो. कोणत्याही आईच्या हातात तो नसतो. बाळाची जागा मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधलेल्या बालआसनात.

पद्मिनीसोबत फोटो जरूर काढावा. पण वऱ्हाड परतीला निघेल तेव्हा मागच्या सीटच्या फटीत हात घालून पट्टा बाहेर काढावा. गाडीत बसवलेली ही सुरक्षा वापरल्याशिवाय मिळत नाही, आणि ती वापरायला एक पैसाही जास्त लागत नाही.