सायलेन्सर हवा कशाला? आवाजाला की खाऱ्या वाऱ्याला?

टाटा एसला 'फ्री फ्लो' सायलेन्सर बसवू म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. अहो, २००५ साली आलेल्या पहिल्या एसचं इंजिन जेमतेम ७०० सीसी, १६ अश्वशक्तीचं. नळी मोकळी केली म्हणून १६ घोड्यांचे २५ होणार आहेत का? वाढतो तो फक्त आवाज! शिवाय २०१९ च्या दुरुस्तीपासून ध्वनिप्रदूषणाला पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तो वेगळाच.

मंडळी, मालवणात खरा शत्रू आहे मीठ. बाहेरून खारा वारा आणि हौद्यातून ठिबकणारं मासळीच्या बर्फाचं पाणी. आतूनही सुटका नाही. धुरात पाण्याची वाफ असते. बंदर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत नळी पुरती तापत नाही, पाणी आतच साचतं आणि साधं लोखंड पोखरतं.

म्हणून पैसे घालायचेच तर मूळ मापाच्या स्टेनलेस सायलेन्सरवर घाला. ३०४ प्रतीचं स्टील ४०९ पेक्षा महाग खरं, पण खाऱ्या हवेत जास्त टिकतं. नटबोल्टही स्टेनलेसचेच घ्या. गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हातही लावू नका.

बाकी, पहाटे अख्खी वाडी उठवून बांगडा काही लवकर पोचत नाही!