हलकी स्प्रिंग, चुकलेला बार



परवान्याच्या रिव्हॉल्व्हरला बाजारातली हलकी स्प्रिंग बसवावी, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला धोक्याचा आहे. चाप हलका होतो खरा. पण घोड्याचा ठोकाही मंदावतो आणि ऐन वेळी काडतूस उडत नाही. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र अडवणारी खिट्टी झिजली, की काडतुसाचे घर नळीसमोर नेमके थांबत नाही. नवी स्प्रिंग ते कसे सुधारणार? कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिने २०१८ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकले, त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातही चापाला किमान १००० ग्रॅम भार लागतोच. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. हत्यार परवानाधारक कारागिराकडेच न्यावे.

– एक वाचक, मिरजगाव (ता. कर्जत, जि. अहिल्यानगर)