सिंह म्हटले की पट्टे का आठवतात?

नागझिऱ्यात पहाटे चोरखमारा गेटमधून आत शिरले की थोड्याच वेळात गाईड हात वर करून जिप्सी थांबवतो. दूर कुठे वानर ओरडलेले असते. पाठोपाठ चितळाचा अलार्म कॉल येतो. वाटेवरच्या धुळीत अर्धामुर्धा पंजा उमटलेला असतो. आपल्यासाठी या तीन सुट्या गोष्टी. त्याच्यासाठी ते एकच वाक्य असते: वाघ जवळ आहे. अर्धा तास थांबूनही वाघ दिसला नाही, तर ‘बिबट असेल, गेला निघून,’ म्हणत तो गाडी पुढे घ्यायला सांगतो. खुणा जोडणे आणि जोडलेला अर्थ चुकला तर तो सोडून देणे, ही दोन्ही कामे त्याने केलेली असतात.

भाषा समजून घेताना आपला मेंदू हेच करतो. ‘वाघ’ हा शब्द वाचल्यावर लगेच ‘पट्टे’ समोर आला, तर तो चटकन ओळखता येतो. पहिल्या शब्दाने दुसऱ्याची वाट मोकळी केलेली असते. आता ‘सिंह’नंतर ‘पट्टे’ दाखवा. सिंहाला पट्टे नसतात. पण मन नकळत सिंहावरून वाघावर आणि वाघावरून पट्ट्यांवर जाऊ शकते. ही दूरची उडी कोणाच्या मेंदूत किती सहज पडते, हे प्रयोगशाळेत मोजता येते.

मेंदूचे दोन अर्धगोल हे काम वाटून घेतात. १८६१ मध्ये पॅरिसचे डॉ. पॉल ब्रोका यांनी बोलणे जवळजवळ गमावलेल्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हा इजा डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात दिसली. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सगळ्यांमध्ये आणि डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्के लोकांमध्ये बोलण्याची मुख्य जबाबदारी डावीकडेच असते, हे आता पक्के झाले आहे. मग उजवा अर्धगोल काय करतो? मेंदूच्या उजव्या अर्धगोलात पक्षाघाताचा झटका आलेला रुग्ण अनेकदा शुद्ध, सरळ वाक्ये बोलतो. पण टोमणा त्याला कळत नाही, आवाजातला राग ओळखता येत नाही. झाडीपट्टीच्या नाटकातल्या द्वयर्थी विनोदावर मंडप हसतो आणि तो नुसता बघत राहतो. ढोबळ मानाने सांगायचे, तर डावा अर्धगोल टॉर्चसारखा एका नेमक्या अर्थावर झोत टाकतो. उजवा कंदिलासारखा असतो. उजेड मंद, पण आजूबाजूचे दूरचे अर्थही त्यात दिसतात.

काही माणसांचा कंदील जरा जास्त मोठा असतो. योगायोगात संकेत दिसणे, नसलेल्या माणसाची चाहूल लागणे, बोलता बोलता विषयाला अनपेक्षित फाटे फुटणे, चारचौघांत अवघडणे, अशा स्वभावगुणांना ‘स्किझोटायपल’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९६२ मध्ये या कल्पनेची मांडणी केली. हे गुण कमी-अधिक प्रमाणात आपल्या सगळ्यांत असतात, जशी उंची असते. २००१ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी अतींद्रिय गोष्टींवर ठाम विश्वास असणाऱ्यांची आणि नसणाऱ्यांची तुलना केली. नजरेच्या डाव्या बाजूला क्षणभर झळकलेला शब्द आधी उजव्या अर्धगोलात पोहोचतो. विश्वास ठेवणाऱ्यांमध्ये या बाजूने ‘सिंह–पट्टे’सारखी दूरची जोडी अधिक सहज जुळली.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना. असे फरक सरासरीचे असतात, लहान असतात आणि प्रत्येक प्रयोगात सारखे सापडत नाहीत. त्यावरून एकट्या माणसाचे निदान करता येत नाही. आणि ‘मुलाचा उजवा मेंदू जागा करा’ म्हणून हजारो रुपये उकळणाऱ्या शिबिरांना या संशोधनाचा काडीचा आधार नाही. निरोगी माणसात दोन्ही अर्धगोल सतत बोलत असतात. कोणताही झोपलेला नसतो.

हे गुण म्हणजे आजार नव्हे. स्किझोफ्रेनिया जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला असतो. हे गुण त्याहून कितीतरी जास्त लोकांत दिसतात आणि त्यातले बहुतेक जण आयुष्यभर ठणठणीत राहतात. पण स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या रक्ताच्या नात्यात ते अधिक आढळतात, आणि अशा तरुणाने गांजा ओढला तर भ्रम-भासांचा धोका वाढतो. हे आपल्या भागातल्या पालकांनी विसरू नये.

मला खरी काळजी वेगळी आहे. ‘विचारांची साखळी सैल आहे’ हे आम्ही डॉक्टर ठरवतो ते बोलण्यावरून. पण कोणाच्या भाषेतल्या बोलण्यावरून? गोंदिया जिल्ह्यात ओपीडीतला माणूस झाडीबोली, पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलत येतो. आमची प्रश्नावली इंग्रजीवरून उतरवलेल्या पुस्तकी मराठीत असते. नोकरीच्या सुरुवातीला मीही केसपेपरवर ‘बोलणे असंबद्ध’ असा शेरा लिहिला आहे आणि नंतर वॉर्डातल्या आयाबाईंनी त्याच बोलण्याचा सरळ अर्थ मला सांगितला आहे. रुग्णाची साखळी शाबूत होती. माझे कान कमी पडले होते.

श्रद्धेचेही तसेच. घुबड ओरडले म्हणजे अशुभ, असे सारे गाव मानत असेल तर ते आजाराचे लक्षण नाही. निदानाचे निकषही समाजात रूढ असलेल्या समजुती वगळायला सांगतात. पण घुबड फक्त मलाच निरोप देते, टीव्हीवरची बाई माझ्याबद्दलच बोलते, असे म्हणत एखादा मुलगा जेवण, झोप आणि शाळा सोडू लागला, तर घुबडाच्या श्रद्धेवर वाद घालत बसू नका, डॉक्टर गाठा. ‘बाहेरचे लागले’ म्हणून त्याला बांधून ठेवणे किंवा मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात गेलेले महिने उपचारांतून वजा होतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यासाठीच आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

शासनाकडून अपेक्षा एवढीच की तपासणीच्या प्रश्नावल्या इथल्या बोलींत तयार करून, इथल्याच निरोगी माणसांवर आधी पडताळून घ्याव्यात. आशाताई आणि परिचारिका या बोली जाणतात. या कामात त्यांना घ्यावे. खर्च फार नाही. आणि तोवर आम्ही डॉक्टरांनी ‘असंबद्ध’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्या माणसाची बोली जाणणाऱ्याला एकदा विचारावे.

नागझिऱ्याचा गाईड वाघ न दिसल्यावर आपला अंदाज मोडीत काढतो. ज्याला आपला अर्थ सोडताच येत नाही, त्याला मदत हवी असते, हिणवणे नको. आणि केसपेपरवर लिहिलेला चुकीचा शेरा खोडता येणे हे आमच्यासारख्या डॉक्टरांच्याही शहाणपणाचे लक्षण आहे.