लिलावातली गाडी स्वस्त, पण आरसीचं काय?

खापरखेड्यात सध्या माझ्या ओळखीचे दोघं-तिघं ऑनलाइन लिलावातल्या अपघाती गाड्या बघतात. ‘अर्ध्या किमतीत बोलेरो, भाऊ!’ मी सॉफ्टवेअरवाला. फोटोआधी नोंद बघतो.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मग सांगाडा लिलावात येतो, ‘जसा आहे, जिथे आहे’ तत्त्वावर. वाकलेली चासिस तुमची, क्रेनचं भाडंही तुमचंच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं: गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, आरसी रद्द होते. म्हणजे तुम्ही घेतलेत ते फक्त सुटे भाग. बोलीआधी एमपरिवाहनवर एमएच-४० चा तो नंबर टाकून बघाच. (१५ वर्षं जुनी सरकारी जीप तर सोडाच, १ एप्रिल २०२३ पासून तिच्या नोंदणीचं नूतनीकरणच होत नाही.)

आणि आरसी चालू, गाडीचा पार चुराडा, तरी बोली चढतेय? तिथे कुणाला तरी कागद हवाय, चोरीच्या गाडीवर तो चासिस नंबर ठोकायला. तुमची स्वतःची गाडी टोटल लॉस झाली, तर आरसी रद्द झाल्याचा कागद मागून घ्या.