पोटात लेक, लेकीच्या पोटात नात



बाजारात मासा घेताना आपण आधी कल्ला उचलून पाहतो. कल्ला लाल असला की मासा ताजा, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगते. पण त्याच कल्ल्यावर आणि अंगावरच्या बुळबुळीत थरात आपल्या डोळ्यांना न दिसणारे जीव राहत असतात. त्यांतल्या एकाची हकिकत आज सांगायची आहे. आधीच सांगून ठेवतो, माणसाला त्याच्यापासून धोका नाही. शिजवलेला मासा निर्धास्त खावा. पण नॉर्वे देशातल्या नद्याच्या नद्या या एवढ्याशा जिवाने ओस पाडल्या.

त्याचे नाव गायरोडॅक्टिलस. हा चपटा कृमी आहे. लांबी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे मिठाच्या बारीक कणाएवढी. शेपटीकडे २ मोठे आकडे आणि कडेने १६ बारीक आकडे असतात. ते माशाच्या कातडीत रोवून तो चिकटतो व कातडीच कुरतडून खातो.

अशा जिवाचा वंश कसा वाढतो, हे समजण्यासाठी आधी त्याच्या भाऊबंदांकडे पाहू. बहुतेक चपटे कृमी उभयलिंगी असतात. म्हणजे वृषण आणि अंडाशय एकाच देहात. वृषणात एक मूळ पेशी विभागत जाते, एकाच्या दोन, दोनाच्या चार, असे करत शेवटी ६४ पेशींचा झुबका होतो. या पेशी मध्यभागी एकमेकींना जोडलेल्या असतात, फुलाच्या पाकळ्या देठाशी जोडलेल्या असाव्यात तशा. त्यांतूनच पुढे लांब धाग्यासारखे शुक्राणू सुटतात.

अंड्याची व्यवस्था त्याहून नवलाची. कोंबडीच्या अंड्यात बलक हा अंडपेशीच्याच आत असतो. या कृमींत तसे नाही. अंडाशय फक्त अंडपेशी तयार करतो. बलक तयार करण्याचे काम देहभर पसरलेल्या वेगळ्या ग्रंथींकडे असते. त्या ग्रंथींच्या पेशींत अन्नाचा साठा असतो आणि कवचाचा माल भरलेले कणही असतात. एका अंडपेशीभोवती अशा कित्येक पेशी गोळा होतात, आपले कण बाहेर टाकतात, ते एकत्र येऊन घट्ट होतात आणि टणक कवच बनते. जणू बाळाबरोबर शिदोरी बांधून दिली आणि वरून पेटीला कुलूप लावले! असे अंडे आईपासून दूर, पाण्यात किंवा गाळात पडून राहू शकते.

गायरोडॅक्टिलसने ही सारी व्यवस्थाच मोडीत काढली आहे. तो अंडी घालत नाही, पिलांना जन्म देतो. म्हणून बलकाची शिदोरी नको आणि कवचाची पेटीही नको. त्याच्या देहाचा मोठा भाग गर्भाशयानेच व्यापलेला असतो. गर्भाशयाच्या मागे अंडपेशी पिकण्याची जागा असते. तेथे एका वेळी एकच मोठी अंडपेशी तयार होते. गर्भाशय रिकामा झाला की ती आत शिरते व आईच्या अन्नरसावर वाढू लागते.

आता खरी गंमत. आईच्या पोटातले पिलू पुरते वाढण्याआधीच त्या पिलाच्या पोटात दुसरे पिलू आकार घेऊ लागते. एका डब्यात दुसरा डबा, त्याच्या आत तिसरा. आजी, आई आणि नात एकाच अर्ध्या मिलिमीटरात! पहिल्या लेकीला बाप नसतो. ती अंडपेशीपासूनही होत नाही. वाढत्या भ्रूणाच्या मध्यभागी उरलेल्या पेशींतूनच ती घडते. दुसरी लेक अंडपेशीपासून होते, पण शुक्राणूवाचून. नराचा अवयव तर पहिली लेक जन्मल्यानंतरच उगवतो. त्यानंतरच्या पिलांनाच काय तो बाप असू शकतो.

जन्मलेले पिलू जवळजवळ आईएवढे असते, त्याच माशाला चिकटते, आणि पोटात लेक घेऊनच आलेले असते. ही चक्रवाढ व्याजाची तऱ्हा आहे. समजा, दर ४ दिवसांनी संख्या दुप्पट झाली, तर एकाचे ४० दिवसांत १०२४ होतील. हिशेब काल्पनिक आहे, पण त्यावरून ध्यानात यावे की माशावर एक कृमी आला तरी पुरतो.

नॉर्वेत नेमके हेच घडले. तेथील नद्या सॅमन माशासाठी प्रसिद्ध आहेत. मासेमारीवर, गळ टाकायला येणाऱ्या पाहुण्यांवर खोऱ्यातल्या कित्येक कुटुंबांची मिळकत चाले. १९७०च्या दशकात स्वीडनकडून सॅमनची पिले आणली गेली. त्यांच्या अंगावर गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस ही जात होती. बाल्टिक समुद्राकडचा सॅमन पिढ्यान्‌पिढ्या या कृमीबरोबर राहिलेला, तो त्याला बऱ्याच अंशी आवर घालतो. नॉर्वेच्या सॅमनला त्याची ओळखच नव्हती. १९७५ साली कृमी तेथे प्रथम आढळला. मग एकेक करत पन्नासच्या आसपास नद्या बाधित झाल्या. पिलांच्या अंगावर कृमींची दाटी होई, कातडीला जखमा होत आणि बहुतेक पिले मरून जात. पिलेच नाहीत, तर पुढे मासा कोठून येणार?

उपाय मात्र सापडला, आणि तो याच देहरचनेतून सापडला. ज्याने अंड्याची पेटी टाकून दिली, त्याला माशाबाहेर आसरा उरत नाही. गाळात लपायला कवच नाही. माशापासून सुटला की तो फार तर काही दिवस जगतो, सुकला की मरतो. म्हणजे नदीत मासाच उरला नाही, तर कृमीही उरणार नाही! हे ध्यानात घेऊन शासनाने कठोर मार्ग धरला. आधी त्या नदीच्या सॅमनचा वंश निर्जंतुक केलेल्या अंड्यांच्या रूपाने दुसरीकडे सुरक्षित सांभाळला. मग वनस्पतीच्या मुळांपासून मिळणारे रोटेनोन हे विष नदीत सोडले. सारे मासे मेले, त्यांच्याबरोबर कृमीही गेला. नंतर जपलेल्या वंशातून नदी पुन्हा वसवली. लार्डाल नदीत २०११ आणि २०१२ साली अल्युमिनियमचे क्षार वापरले. त्यांनी कृमी मरतो, मासा वाचतो. आज बाधित नद्यांपैकी बहुतेक मुक्त झाल्या आहेत. पण केवढी किंमत मोजून!

आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ यांच्या तळ्यांतही याच कुळातले कृमी आढळतात. त्यांत पिले देणारे आहेत आणि कवचाची अंडी घालणारेही आहेत. म्हणून तळे सुकवणे, बाहेरून आणलेले मत्स्यबीज मिठाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून मगच सोडणे, एका तळ्यातले ओले जाळे न वाळवता दुसऱ्यात न टाकणे, या साध्या गोष्टींना फार मोल आहे. तळ्यावर पोट असलेल्या आपल्या भावांना हे जरूर सांगा.

आणि मुलांना एवढे सांगा, की सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावून कोणी एका कृमीच्या पोटातल्या पेशी मोजत बसला असेल, तर त्याला रिकामटेकडा म्हणू नका. अंडे कवचाचे आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरावर नदी पुन्हा जिवंत झाली.