अमेरिकेचें प्रवासवर्णन आणि लोणारचें ऋण

मराठी सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे प्रवासवर्णनाचा एक ठराविक सांचा रूढ झाला आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत नोकरीस असते. आईवडील उन्हाळ्यांत तिकडे जातात. मोटार भाड्यानें घेऊन पंधरवडाभर शहरें व राष्ट्रीय उद्यानें पालथीं घातलीं जातात. आणि परत आल्यावर त्याचा वृत्तांत आप्तेष्टांस, व संपादक दयाळू असल्यास वाचकांसही, सादर होतो. या वृत्तांतांत लास व्हेगसचे दिवे असतात, ग्रँड कॅन्यनची खोली असते, यलोस्टोनचीं उष्णोदकाचीं कारंजीं असतात, रस्त्यांचा गुळगुळीतपणा असतो. आणि शेवटीं ‘आपल्याकडे हें कधीं होणार?’ हा निःश्वास असतो. आमचें भांडण त्या प्रवासाशीं नाहीं, या निःश्वासाशीं आहे.

कारण दिसावयास तो विचारासारखा दिसला, तरी विचारास रजा देण्याची ती एक युक्ति आहे. तो सोडला कीं दोष सरकारावर गेला, देशावर गेला, ‘आपल्या लोकां’वर गेला, सोडणारा मात्र त्या लोकांतून अलगद बाहेर पडला. देशाटनानें चातुर्य येतें असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. तें खरें असेल, तर प्रवासानंतर प्रवाशाच्या घरच्या वागणुकींत कांहीं फरक दिसावयास हवा. तो दिसतो कीं नाहीं, हें तपासण्यास बुलढाणा जिल्ह्याइतकी सोईची जागा दुसरी सांपडणार नाहीं.

अ‍ॅरिझोनांतील विन्स्लो गांवाजवळचें अशनिविवर पाहून येणारे मराठी प्रवासी आहेत. सुमारें ५०,००० वर्षांपूर्वीं लोहमय अशनि तेथें आदळला आणि १.२ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. प्रवासी तिकीट काढतो, संग्रहालय पाहतो, दुर्बिणींतून तळ न्याहाळतो व कृतकृत्य होतो. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें विवर व्यासानें सुमारें १.८ किलोमीटर आहे. तें काळ्या अग्निजन्य पाषाणांत पडलेलें असून, चंद्राच्या पृष्ठावरील खडकांशीं या पाषाणाचें साम्य असल्यामुळें परदेशचे शास्त्रज्ञ त्याच्या अभ्यासासाठीं मुद्दाम येतात. तळाशीं खाऱ्या, क्षारयुक्त पाण्याचें सरोवर, आणि वर कांठालगत गोड्या पाण्याची धार! १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. दीर्घकाळ पुष्कळांस तें ज्वालामुखीचें मुख वाटे. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें अशनिपातानें झालें हें खडकांतील आघाताच्या खुणांवरून दाखवून दिलें. त्याचें वयही पूर्वीं पन्नास हजार वर्षांच्या आसपास समजत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनानें तें सुमारें ५,७०,००० वर्षांवर गेलें.

‘आमचें मोठें, म्हणून आमचें श्रेष्ठ’ असा आखाड्यांतील युक्तिवाद आम्हांस करावयाचा नाहीं. खड्ड्यांची कुस्ती लावून देशाभिमान वाढत नसतो. आमचा प्रश्न साधा आहे : अ‍ॅरिझोनाचे आंकडे ज्यांस मुखोद्गत आहेत, त्यांपैकीं किती जणांस लोणारचे ठाऊक आहेत?

यावर उत्तर ठरलेलें आहे. ‘तेथें सोयी कोठें आहेत?’ सोयी उण्या आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु सोयी आधीं आणि आस्था मागाहून, असा क्रम अमेरिकेंत तरी होता काय? यलोस्टोन हें राष्ट्रीय उद्यान ठरलें १८७२ सालीं. उद्यानांचा कारभार पाहणारें स्वतंत्र खातें निघालें १९१६ सालीं. मधल्या काळांत, १८८६ पासून, चोरट्या शिकाऱ्यांपासून यलोस्टोन राखण्यास लष्कर ठेवावें लागलें होतें. अ‍ॅरिझोनाचें विवर तर सरकारी उद्यान नव्हेच. बॅरिंजर नांवाच्या गृहस्थानें १९०३ सालापासून तेथें लोखंडाच्या आशेनें खोदकाम केलें आणि त्यांत आपली संपत्ति घालविली. तें अशनिपाताचेंच आहे हें शूमेकर या भूशास्त्रज्ञानें १९६० सालीं सहकाऱ्यांसह सिद्ध केलें. आणि बॅरिंजरच्या वंशजांनीं तें आजवर सांभाळलें. हीं स्थळें सजलेल्या स्थितींत आकाशांतून पडलीं नाहींत. आकाशांतून पडला तो एकटा अशनि. शिवाय, योसेमिटी व यलोस्टोन येथील मूळच्या रहिवाशांस त्या भूमीवरून हुसकावून लावण्यांत आलें, ही गोष्ट आमच्या प्रवासवर्णनांत अभावानेंच येते. ज्यास अनुकरण करावयाचें आहे त्यानें डोळे उघडे ठेवूनच केलें पाहिजे.

आणि लोणारास पदव्यांचा तुटवडा आहे असेंही नाहीं. १९७९ सालीं तें राष्ट्रीय भूवारसा ठरलें, २००० सालीं अभयारण्य झालें, २०२० सालीं रामसर यादींत गेलें. तरीही गांवाचें सांडपाणी सरोवरांत जाऊं नये म्हणून नागरिकांस उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे धांव घ्यावी लागली. २०२० च्या जून महिन्यांत पाणी गुलाबी झालें तेव्हां सर्वत्र छायाचित्रें झळकलीं. तो रंग खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे, हें पुण्याच्या आघारकर संस्थेनें शोधून काढीपर्यंत पुष्कळांचें कुतूहल ओसरलेंही होतें. कौतुक आठवडाभर टिकतें; सांडपाणी बारमाही वाहतें.

आतां तर ‘रस्ता नाहीं’ ही सबबही उरली नाहीं. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून ५ जून २०२५ पासून सबंध खुला आहे, व तो बुलढाणा जिल्ह्यांतूनच जातो. जिजाबाईंचें जन्मस्थान सिंदखेडराजा त्याच्या वाटेवर आहे. मेहकराजवळ उतरल्यास लोणार फार लांब नाहीं. पण मोटार ताशीं १२० किलोमीटरांच्या वेगानें सबंध जिल्हा ओलांडते आणि आंतील मुलें मोबाइलवर परदेशचीं उद्यानें पाहत असतात. यलोस्टोनमध्यें १९९५ सालीं लांडगे पुन्हां आणून सोडले, ही हकीकत आमचे प्रवासी रंगवून सांगतात. मात्र २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला एक तरुण वाघ शेतें, नाले व रस्ते ओलांडीत, तेलंगणांतूनही फिरत, १,३०० किलोमीटरांहून अधिक चालून याच बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला, हें त्यांतल्या कितींच्या कानीं आहे? तुटक उरलेलीं रानें कशीं जोडावीं, हा प्रश्न त्या मुक्या प्रवाशानें आमच्या दारांत आणून ठेवला आहे.

परदेश पाहून यावें कसें, याचा धडा आमच्या भाषेंत जुनाच आहे. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. तेथील लोकस्थितीवर त्यांनीं १८८९ सालीं मराठींत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं मुंबईस शारदासदन उघडलें. त्यांच्या धर्ममतांविषयीं कोणाचा कांहींही अभिप्राय असो. अमेरिकेंत जें पाहिलें त्याचा विनियोग स्वदेशीं करावयाचा असतो, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें. त्यांच्यापाशीं द्रव्य अल्प आणि विरोधक उदंड होते. आमच्या आजच्या प्रवाशांपाशीं द्रव्य आहे, फुरसत आहे आणि विरोधक कोणी नाहीं.

तेव्हां अमेरिकेस अवश्य जावें. परंतु परतल्यावर वर्षाच्या आंत दोन रात्री लोणारास काढाव्या. स्थानिक माहितगारास योग्य वेतन देऊन त्याच्याबरोबर विवर पाहावें. मुलांस अशनि आणि लवणासुराची कथा, दोन्ही सांगाव्या. तिकडील संग्रहालयांत जें आवडलें तें इकडे कां नाहीं, अशीं पत्रें जिल्हाधिकाऱ्यांस आणि वनखात्यास लिहावीं, व उत्तर येईतों लिहीत राहावें. एवढें ज्यानें केलें, त्याचें ग्रँड कॅन्यनचें वर्णन आम्ही आनंदानें वाचूं. इतरांनीं तो निःश्वास आपल्यापाशींच ठेवावा.